उजनीचं पाणी, माळाचं गवत

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस मागे पडलं की गाडीतली माणसं डुलक्या घेऊ लागतात. खिडकीबाहेर ऊस, मग खडकाळ माळ, मग पुन्हा ऊस, मधूनच एखाद्या ढाब्याचं पत्र्याचं छप्पर. इथे बघण्यासारखं काही नाही, अशीच या पट्ट्याची ख्याती. पण लांडगा, चिंकारा, काळवीट, खोकड आणि तरस अशी सगळी मंडळी महाराष्ट्रात एकाच फेरीत कुठे भेटू शकतील असं कुणी विचारलं, तर मी ताडोबाचं नाव घेणार नाही, याच पट्ट्याचं घेईन. हिमालय ओलांडून आलेला हंस आणि कच्छच्या रणातून आलेला रोहित एकाच सकाळी बघायचा असेल, तरी वाट हीच.

‘वाटेवरचा महाराष्ट्र’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मी हा रस्ता मागून घेतला. फेब्रुवारीत निघालो. गाडी चालवायला बँकेत नोकरी करणारा आणि कॉलेजपासून पक्षी बघणारा मित्र. मागच्या सीटवर वनस्पतिशास्त्र शिकवणारी मैत्रीण आणि तिचा भाचा. भाचा इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याची नळी आम्हा सगळ्यांच्या दुर्बिणींपेक्षा लांब आहे. थेट महामार्ग धरायचा नाही, सासवड-जेजुरी-मोरगाव करत सुप्यावरून उतरायचं आणि सोलापूरपर्यंत माळ सोडायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

गाडी हेच लपण

सासवड सोडलं तेव्हा उजाडत होतं. पक्षी बघायला निघालेल्या गाडीचे काही नियम असतात. काचा खाली, गाणी बंद, आवाज हळू. कुणी ‘थांब’ म्हणालं तरी चालवणाऱ्याने आधी आरशात बघायचं आणि मगच बाजूला घ्यायचं. आणि दार उघडायचं नाही. माळावरचा पक्षी गाडीला फारसा घाबरत नाही, दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाला घाबरतो. नीलपंखाच्या तारेखाली गाडी उभी केली तरी तो बसून राहतो, दाराचा खटका वाजला की उडतो. म्हणून अनुभवी माणसं गाडीचंच लपण करतात. इंजिन बंद करून, खिडकीच्या काठावर उशी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवतात.

या रस्त्यावर विजेच्या तारा नीट वाचायला शिकलं तर अर्धं काम होतं. कोतवाल तारेच्या मधोमध बसतो, गुरांच्या पायांतून उडणारे किडे टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. वेडे राघू जोडीजोडीने, एकमेकांना चिकटून. नीलपंख खांबाच्या जवळ, एकटा, नजर जमिनीवर. बसलेला असतो तेव्हा तो मळकट तपकिरी वाटतो आणि उडाला की पंखांतली निळाई एकदम उघडते. दसऱ्याला याचं दर्शन शुभ मानणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. खाटीक तारेपेक्षा बाभळीच्या शेंड्यावर जास्त. जास्तीची शिकार, नाकतोडा किंवा सरड्याचं पिल्लू, तो बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. जेजुरीच्या पुढे मित्राने असाच एक काटा दाखवला. त्यावर अर्धा खाल्लेला टोळ होता आणि त्याची एक तंगडी वाऱ्याने हलत होती.

मोरगावच्या अलीकडे कापशी घार भेटली. वाळक्या बाभळीच्या फांदीवर, रस्त्यापासून हातभर आत. पायाखाली उंदीर धरलेला. ती आधी मान खाली घालून एक लचका तोडायची, मग डोकं वर करून चारही दिशांना बघायची आणि मग पुढचा लचका. डोळे लालभडक. दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघता येत होतं. शेपटी शेवटी गेली, एका घासात. मग तिने चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासली आणि उडून शेतावर गेली. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबली आणि पुन्हा खाली बघू लागली. शेतकऱ्याच्या ज्वारीत शिरणारे उंदीर ती असे दिवसभर वेचत असते.

मित्र प्रत्येक थांब्याची नोंद मोबाइलवर ई-बर्डमध्ये टाकत होता. किती वाजता सुरुवात, किती अंतर, कोणते पक्षी, किती. भाच्याने विचारलं, “साध्या चिमण्याही मोजायच्या?” मोजायच्याच, कारण आज साधा वाटणारा पक्षी दहा वर्षांनी कमी झाला, तर तो कधीपासून कमी होत गेला हे या कंटाळवाण्या आकड्यांतूनच कळतं.

कुसळांचा माळ

मोरगावचा मयूरेश्वर सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्याच नावाचं अभयारण्य जवळ सुप्याला आहे हे फार थोड्यांना. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, घोषणा १९९७ची. इथला मुख्य रहिवासी चिंकारा. काळविटापेक्षा लहान, रंगाने सुक्या गवतासारखा, आणि पाणी न पिता बराच काळ काढू शकणारा. खाल्लेल्या पाल्यातून आणि दवातून त्याचं भागतं. दीड-दोनशे पावलांवर एक कळप चरत होता आणि आम्हाला तो दिसला तो फक्त शेपट्यांमुळे. चिंकाऱ्याची काळी शेपटी सतत हलत असते.

इथे मैत्रिणीने ताबा घेतला. आम्ही ज्याला सरसकट गवत म्हणत होतो त्यातून तिने पवना, मारवेल आणि कुसळी अशी वेगवेगळी ताटं काढून दाखवली. मारवेल जनावरांना सगळ्यांत आवडती. कुसळी कोवळी असताना चालते, बी धरल्यावर जनावरं तोंड लावत नाहीत. एव्हाना आमच्या पायमोज्यांत कुसळं घुसलीच होती. तिने एक कुसळ काढून तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब सोडला. लांब काळी दोरी हळूहळू पीळ सोडत फिरायला लागली आणि टोकाचं बी तळहातात टोचलं. पहिल्या पावसात जमिनीवर हेच होतं. दोरी भिजते, उलगडते, बी स्वतःला मातीत पेरून घेतं. बेसाल्टच्या खडकावर मुरमाचा वीतभर थर, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीत झाडापेक्षा गवत शहाणं ठरतं. त्याचा बराचसा जीव मुळांत असतो. वरचं चरलं, वाळलं, जळलं तरी पावसाला पुन्हा फुटतं.

जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना अशी उघडी जागाच लागते. चंडोल, मुरारी, डोंबारी, तीरचिमण्या, धाविक, पखुर्डी. धाविक आम्हाला गाडीवाटेवरच सापडला. दहा पावलं तुरुतुरु पळायचा, ताठ उभा राहायचा, पुन्हा पळायचा. अंडी घालायला त्याला चार खडे पुरतात. झाडं दाट झाली की त्यांच्या फांद्यांवर कावळे आणि शिकारी पक्षी पाळतीला बसतात आणि खाली उघड्यावरचं अंडं टिकत नाही.

या माळाचं वय

माळाला पडीक म्हणण्यापासूनच सगळा घोळ सुरू होतो. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. तो हिशेब अजून चालू आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, गावाकडे गायरान आणि सरकारी नकाशावर पडीक जमीन. देशाच्या वेस्टलँड अॅटलासमध्ये गवताळ आणि झुडपी माळांचा मोठा भाग याच खात्यात पडतो. एकदा पडीक ठरलं की तिथे काहीही करायला कुणाची हरकत राहत नाही. औद्योगिक वसाहत, सौरऊर्जेचे पट्टे, मुरमाच्या खाणी. आणि सगळ्यांत सद्हेतूने होणारं नुकसान म्हणजे वृक्षलागवड. माळावर सलग समतल चर खणायचे, मुरूम उपसायचा आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावायची. पाच जूनला, पर्यावरण दिनी, तिथे फोटो निघतात. चर खणताना शेकडो वर्षांची गवताची मुळं उखडली गेली, हे कुठल्याच फोटोत येत नाही.

या माळाबद्दल एक समजूत खोलवर बसली आहे. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं, म्हणून उजाड झालं. म्हणजे झाडं लावणं ही भरपाईच झाली. या समजुतीला अलीकडे चांगला धक्का बसला आणि तो आपल्या मराठी साहित्यातून बसला. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनची मराठी आख्यानं, चरित्रं, ओव्या आणि लोककथा धुंडाळल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे उल्लेख वेचले. त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात आला. ४४ रानवनस्पतींपैकी २७ उघड्या माळरानावर वाढणाऱ्या निघाल्या. तरवड, हिवर, बोर, बाभूळ. दाट जंगलातल्या जेमतेम तीन. जुन्या गोष्टींमधली माणसं ज्या झाडाखाली बसतात, ज्या झुडपात देव शोधतात, ती झाडंझुडपं आजही याच माळावर उभी आहेत. गवत आणि विरळ काटेरी झाडं हीच या मुलखाची जुनी ओळख आहे, कुणी उजाड केल्याची खूण नाही.

मला या अभ्यासाचं महत्त्व फार वाटतं. झाडं लावू नका असं म्हटलं की माणसं चमकतात आणि आपण निसर्गाच्या विरोधात बोलतोय असं त्यांना वाटतं. गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा. पण पवना आणि मारवेल जिथे आधीपासून आहे तिथे पहार घालू नका. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहायचं थांबवून तिथे गवताची नोंद झाली, तर माळाच्या बाजूने बोलायला निदान एक कागद तरी हातात येईल.

उजनी किती टक्क्यांवर?

भिगवणला पोचलो की पक्ष्यांबद्दल विचारण्याआधी पाण्याबद्दल विचारायचं असतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, पैकी साधारण ६३ मृतसाठा. त्यामुळे उजनी ‘मायनस’मध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी काढावं लागतं. सोलापूर जिल्ह्यात ही बातमी शेअर बाजारापेक्षा जास्त वाचली जाते. कुंभारगाव, डिकसळच्या नावाड्यांनाही ती पाठ असते, कारण पक्ष्यांचा हंगाम पंचांगावर चालत नाही, आवर्तनावर चालतो.

ते कसं, हे आमच्या नावाड्याने होडी ढकलता ढकलता सांगितलं. पावसाळ्यात धरण भरतं. काठापर्यंत खोल पाणी, बदकांना ठीक, पण पाय लांब असलेल्यांना निरुपयोगी. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, कालव्यातून पाणी जातं, सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेत सोडतात, आणि काठ उघडा पडायला लागतो. त्या ओल्या गाळात किडे, शिंपले, शेवाळ. पाणी गुडघ्याएवढं झालं की रोहित उतरतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यातले काहीजण याच गाळावर गाळपेर करतात, हरभरा, गहू, कलिंगड. म्हणजे एकाच ओलीवर शेतकरी आणि पक्षी दोघेही नजर ठेवून असतात. “गेल्या साली जानेवारीतच मायनसला गेलं हुतं,” तो म्हणाला, “ह्या साली पाणी लई हाय. पाखरू पांगलंय, दादा. पर दावतो मी.”

२०२३ च्या तोकड्या पावसानंतर त्या मायनसने सगळ्यांचे हाल केले होते. पण त्या उन्हाळ्यात गाळाची मैदानं उघडी पडली, पळसदेवचं बुडालेलं प्राचीन मंदिर वर आलं आणि बघणाऱ्यांची रीघ लागली. दुष्काळी वर्ष इथल्या पक्षीनिरीक्षकांना चांगलं जातं, ही गोष्ट पचवायला जड आहे. ती नावाड्याच्या तोंडून ऐकताना जास्तच, कारण त्याची स्वतःची दोन एकर जिरायत आहे.

होडी निघाली. काठाला वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळपट्टीचे काळे पाणपक्षी, शेकड्यांनी. शेकाटे गुलाबी पाय उचलत चालत होते. चमचे पाण्यात चोच डावी-उजवी फिरवत रांगेने पुढे सरकत होते, चित्रबलाक मात्र एका जागी उभे राहून चोच उघडी ठेवून मासा आपणहून आत यायची वाट बघत होते. चोचीला स्पर्श झाला की ती मिटते. डिकसळच्या जुन्या पुलाच्या दिशेने कुरवांचा थवा आला आणि आमच्या होडीभोवती घिरट्या घालायला लागला. त्याचं कारण शेजारच्या होडीत होतं. तिथली मंडळी मुठी भरभरून शेव-गाठ्या उधळत होती आणि मोबाइल वर धरून उभी होती. मिठात-तेलात तळलेलं पीठ हे पक्ष्याचं अन्न नाही. नावाड्यांनीच ठरवून हे बंद करावं, असं मला मनापासून वाटतं. काहींनी ते केलंही आहे.

पुढे एका चिंचोळ्या फाट्यात पट्टकदंब हंस दिसले. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. दुपार ते पाण्याकाठी झोपून काढतात आणि अंधार पडल्यावर हरभऱ्यात, गव्हात चरायला जातात. उन्हाळ्यात यांची पिल्लं मंगोलिया, तिबेट, लडाखच्या सरोवरांकाठी होतात. तिथून इकडे येताना हिमालय आडवा येतो. सात हजार मीटरहून उंचावर उडाल्याच्या यांच्या नोंदी आहेत. तिथे हवेत प्राणवायू निम्म्याहूनही कमी. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी असतात. शिवाय माग काढल्यावर लक्षात आलं, की ते सरळ उंची गाठून उडत नाहीत. डोंगराच्या चढउतारांना धरून खालीवर होत जातात, कारण खाली हवा दाट असते आणि पंखांना आधार मिळतो. हे सगळं करून आलेला पक्षी समोर चिखलात एका पायावर उभा राहून पेंगत होता. भाच्याने कॅमेरा खाली ठेवला आणि नुसता बघत बसला.

रोहित मिळाले ते अगदी शेवटी, करमाळ्याच्या बाजूच्या एका उथळ खाडीत. थवा लहानच. नावाड्याने इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने होडी लोटत नेली. ते उडू लागले तर पुढे जायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम, कारण एकदा उठवलेला थवा दिवसभर खाणं सोडून भटकतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला काही उरत नाही. जवळून बघितलं की रोहिताचं खाणं फार वेगळं दिसतं. डोकं पूर्ण उलटं करून चोचीचा वरचा भाग खाली जातो. जीभ पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते, आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगोऱ्यांत शेवाळ आणि किडे अडकतात. घरात पीठ चाळावं तसं हे तासन्‌तास चालतं. पायांनी ते चिखल तुडवत गोल फिरतात, म्हणजे तळाचं वर येतं. अंगावरचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. थव्यात दोन-तीन राखाडी, मळकट पक्षी होते. ती गेल्या हंगामातली पिल्लं, अजून रंग न चढलेली.

या शेवाळाची दुसरी बाजूही नावाड्याला ठाऊक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत मिळतं आणि पुढे उजनीत साठतं. उन्हाळ्यात कडेचं पाणी हिरवंगार होतं, वास येतो, जलपर्णी पसरते. मासेमारीच्या जाळ्यात आता मुख्यतः चिलापी येते. बाहेरून आलेला हा मासा अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि कसल्याही पाण्यात वाढतो. “मरळ, वाम पूर्वीसारखी घावत न्हाई,” तो म्हणाला. दुपारी त्याच्या घरीच जेवलो. चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, कांदा. घराच्या दोन खोल्या आता पाहुण्यांसाठी आहेत. बायको स्वयंपाक बघते, मुलगा पक्ष्यांची मराठी, इंग्रजी नावं धडाधडा सांगतो. मासेमारीचा जो भाग बुडाला तो पक्ष्यांनी भरून दिला, असं हे घर म्हणतं. पण तेही चार महिने, आणि तेही पाणी वेळेत उतरलं तर.

मेंढरं, लांडगा आणि कुत्री

वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला ग्रासलँड सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी, ठरलेली वाट, सोबत गावातलाच वाटाड्या. जंगल सफारीच्या मानाने हे साधं आहे. पण यातून इथल्या माळाला तिकीट लागलं आणि ज्या गावाला माळ म्हणजे कुरणापलीकडे काही नव्हता त्या गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळाला.

आमच्या वाटाड्याने सूर्य वर यायच्या आधीच आम्हाला एका उंचवट्याआड थांबवलं. खाली ओढ्याच्या कडेला धनगराचा वाडा उतरला होता. घोडी, तीन दगडांच्या चुली, आणि जाळीच्या वाघरीत कोंडलेली मेंढरं. शेतमालक रात्रभर मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार दख्खनवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणात उतरतात, काही इथेच फिरत राहतात.

लांडगा दिसला तो आम्ही बघत होतो त्याच्या बरोबर उलट दिशेला. एकटा, उंच पायांचा, अंगाने सडसडीत. खाली मान घालून दुडक्या चालीने तो गवतातून चालला होता. उन्हात पाठीवरचे काळपट केस स्वच्छ दिसत होते. वाऱ्याची दिशा बदलली तसा तो थांबला, आमच्याकडे मान वळवून बघितलं, घाई न करता ओढ्यात उतरला. भारतीय लांडगा देशभरात अंदाजे तीन हजार. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे. पण वाघाला अभयारण्य आहे, लांडगा मात्र बहुतेक ठिकाणी शेत, गायरान आणि रस्ते यांच्यामध्येच जगतो.

वाड्यावर गेलो. म्हाताऱ्या बाबांनी घोंगडं पसरून बसायला दिलं.

“बाबा, लांडगा मेंढरू नेतो तेव्हा राग येत नाही?”

“येतो की. पोटाला चिमटा बसतो. पर त्येचाबी वाटा हाय त्यात. ज्या वाड्यावर लांडगा येतो त्यो वाडा वाढतो, आमच्यात म्हनत्यात.”

सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवर ठेवून थांबावं लागतं. वाडा तर उद्या पुढच्या शिवारात जायचा असतो. त्यामुळे बरेच धनगर नादच सोडतात. लांडग्याला आजवर तारून नेलं ते याच माणसांच्या सोसण्याने, हे आपण शहरातल्यांनी मान्य करायला हवं.

बाबांना लांडग्यापेक्षा मोकाट कुत्र्यांची चिंता जास्त होती. गावाबाहेरचे उकिरडे आणि कोंबड्यांच्या शेडमागे टाकलेली घाण यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या चिंकाऱ्याची पाडसं मारतात, मेंढरंही मारतात आणि दोष लांडग्यावर येतो. त्यांच्याकडून रोग येतात. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे. लांडग्याची जोडी न जुळण्याइतकी संख्या विरळ झाली की असं घडतं. बंदुकीशिवाय, कुणाच्या लक्षातही न येता एक जात पातळ होत जाते.

हिवाळा हा लांडग्यांच्या पिल्लांचाही काळ. आमच्या वाटाड्याला बिळाची जागा माहीत असणार, पण त्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. कॅमेरे घेऊन गाड्या माळावर वाटेल तशा घालणारे, बिळाची जागा व्हॉट्सॲपवर फिरवणारे इथे दर हंगामात येतात. भाच्याने आपल्या मोबाइलवरच्या फोटोतला ठिकाणाचा पत्ता काढून टाकला. ते मला त्या फोटोइतकंच आवडलं.

नान्नज

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज. द्राक्षांचं गाव. सोनाका हे वाण इथल्या नानासाहेब काळे यांनी शोधलं. पक्षी बघणाऱ्यांना मात्र ते माळढोकासाठी ठाऊक. सत्तरच्या दशकात सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही गवताळ तुकड्यांना कुंपण झालं, गवत वाढलं आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागले. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) डॉ. असद रहमानी यांनी इथे राहून माळढोकाचा अभ्यास केला. नर पावसाळ्याच्या सुरुवातीला गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा, तो आवाज माळावर लांबवर जायचा. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कुत्र्याने खाल्लं की त्या मादीचं वर्ष गेलं.

अभयारण्याची आखणी झाली ती ८,४९६ चौरस किलोमीटरची, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठी. त्यात गावं, शेती, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून विहिरीपर्यंत अडचणी सुरू झाल्या आणि माणसं माळढोकावर चिडली. पुढे फेरआखणी होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर खरा बदल घडून गेला होता, आणि तो उजनीच्या कालव्यांनी घडवला. माळढोक नुसत्या गवतावर जगत नव्हता. ज्वारी, करडई, भुईमूग यांच्या जिरायत रानात तो नाकतोडे, किडे, बोरं खात हिंडायचा. पाणी आलं, जिरायत गेली, ऊस आणि द्राक्ष आली. उंच उसात माळढोकाला चालता येत नाही, दूरचं दिसत नाही. मोटारींसाठी विजेच्या तारा आल्या. दहा-पंधरा किलोंचा हा पक्षी, डोळे बाजूला असलेला, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. भिगवणला ज्या पाण्याने रोहित आणि हंस आणले, त्याच पाण्याने इथला माळढोक नेला. पाणी आणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. इथल्या बायका दुष्काळात किती लांबून हंडे आणायच्या हे या भागातल्या कुणालाही विचारा. पण जिरायतीचे, गवताचे थोडे तुकडे राखून ठेवता आले असते आणि त्या शेतकऱ्याला उसाच्या तोडीचा मोबदला देता आला असता. ते कुणी केलं नाही.

आज देशात माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला कधीतरी एखादी मादी दिसल्याची बातमी येते. आम्हाला दिसली नाही. मनोऱ्यावरून काळवीट दिसले, नर काळेभोर, शिंगं पिळाची. पूर्वेकडच्या गवतावर भोवत्या पक्षी अगदी खालून, गवताला टेकतील इतक्या जवळून उडत होते, नाकतोडे शोधत. हे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतात, आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात. त्यांच्यासाठी नान्नजचा तुकडा अजून पुरेसा आहे.

तिथल्या वनमजुराशी मैत्रिणीचं बराच वेळ बोलणं चाललं. जाळरेषा कधी काढता, चराई कुठे बंद ठेवता, गिरिपुष्पाची झाडं काढल्यावर त्या जागेत आधी काय उगवतं. तो म्हणाला, नुसतं तण. पवना, मारवेल आपणहून लवकर येत नाही, बी टाकावं लागतं. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतं आणि आठवडाभरात गळतं, तेवढ्यात हाताने ओरबाडून पोत्यात भरायचं, आणि तेवढी माणसं मिळत नाहीत.

“मॅडम, तुमच्या कॉलेजची पोरं येतील का?”

तिने तिथेच त्याचा नंबर घेतला. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिचा वर्ग पोती घेऊन नान्नजच्या माळावर बी गोळा करत असेल. गाडी चालवायला बँकेतला मित्र आहेच.